प्रोग्राम मारला कुणी?

सर्व्हरवरचा एखादा प्रोग्राम मध्येच मेला की लोकांचं निदान ठरलेलं असतं: मेमरी संपली. औषधही ठरलेलं: रॅम वाढवा. युनिक्स आणि लिनक्सची यंत्रं सांभाळण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. त्या बळावर सांगते, हे निदान बहुतेक वेळा चुकतं. मेमरी भरपूर पडून असते. प्रोग्राम मरतो तो कुणीतरी, कधीतरी, कुठल्याशा फाइलीत लिहून ठेवलेल्या एका आकड्यामुळे. तो आकडा न शोधता नवी रॅम बसवली तर पैसे जातात, आणि प्रोग्राम आधी जिथे मरत होता तिथेच पुन्हा मरतो.

माझं माहेर वसमत. बरीच वर्षं पुण्यात बँकांच्या सर्व्हरवर काढली, आता हिंगोलीत राहून घरूनच काम करते. इथल्या एका महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात एक सर्व्हर आहे. कुठल्याशा कंपनीनं वापरून निकालात काढलेला, ६४ कोअरचा, १२८ जीबी मेमरीचा. अधूनमधून मी त्याच्याकडे बघते. पैसे घेत नाही, चहा घेते. तिथला एमएस्सीचा एक विद्यार्थी, औंढ्याकडचा, लॅपटॉप बगलेत मारूनच आला होता.

“मॅडम, माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर हाच प्रोग्राम चांगला चालतो. इथं एकशे अठ्ठावीस जीबी हायेत, मग इथंच कामून मरायलाय?”

विभागातल्या एकाचं म्हणणं पडलं की सर्व्हर जुना आहे, रॅमची एखादी पट्टी गेली असेल. मला पोराचा प्रश्न जास्त आवडला. लहान यंत्रावर चालणारी गोष्ट मोठ्या यंत्रावर मरते, तेव्हा कारण सहसा त्या मोठेपणातच असतं.

हिंगोलीच्या पोराला असा प्रोग्राम चालवायची गरज का पडावी, ते आधी सांगते. औंढा नागनाथ म्हटलं की महाराष्ट्राला ज्योतिर्लिंग आठवतं, वारकऱ्याला नामदेव आणि विसोबा खेचर आठवतात. त्याच तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. एकमेकींना काटकोनात दोन भुजा, प्रत्येक भुजा ४ किलोमीटरची. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या लायगो यंत्रांनी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. ११ फेब्रुवारी २०१६ला ते जाहीर झालं, आणि आठवडाभरात, १७ फेब्रुवारीला, केंद्रीय मंत्रिमंडळानं भारतातल्या यंत्राला तत्त्वतः मान्यता दिली. त्यानंतर मात्र सात वर्षं कागद हलत राहिले. एप्रिल २०२३मध्ये २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी आली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभाग असे सगळे या कामात आहेत.

यंत्र उभं राहून चालू व्हायला अजून अवकाश आहे. पण अमेरिकेतल्या यंत्रांचा डेटा लायगोवाले सगळ्या जगासाठी खुला करतात. औंढ्याच्या पोरालाही तो फुकट उतरवून घेता येतो. गावाजवळ वेधशाळा येणार म्हटल्यावर आमच्या विभागातली चार पोरं त्या डेटावर हात बसवू लागली आहेत. मला त्यांचं भौतिकशास्त्र फार कळत नाही, पण त्यातली मेमरी कळते.

त्या मेमरीचा हिशेब कागदावर मांडण्यासारखा आहे. यंत्र सेकंदाला १६,३८४ वेळा मोजमाप नोंदवतं. एक नोंद म्हणजे ८ बाइट. खुल्या डेटाची मोठी फाइल ४,०९६ सेकंदांची, म्हणजे तासाभराहून थोडी जास्त. दोन्ही आकडे गुणले की ६,७१,०८,८६४ नोंदी होतात, आणि त्याला ८नं गुणलं की बरोबर ५१२ एमबी. सगळे आकडे दोनाचे घात असल्यामुळे उत्तर असं बिनबाकीचं येतं.

आता पोराच्या पडद्यावर काय उमटलं होतं ते बघा. पायथननं मरताना लिहिलं होतं की ५१२ एमबीचा ॲरे देता येत नाही, त्याचा आकार ६,७१,०८,८६४. म्हणजे फाइल उचलून मेमरीत ठेवतानाच तो मेला होता. त्या वेळी यंत्रावर शंभराहून जास्त जीबी रिकामे होते, आणि यंत्र अर्धा जीबी नाकारत होतं. पट्टी वगैरे काही गेलेली नव्हती. कुणीतरी नकार दिला होता.

माझ्या मते इथला पहिला प्रश्न असा, की प्रोग्रामनं मागितलं आणि त्याला नाही म्हटलं गेलं, की त्याला आधी दिलं आणि नंतर मारलं? नकार मिळाला तर प्रोग्रामला तो कळतो आणि मरता मरता तो काहीतरी लिहून जातो. पायथन मेमरी-एरर लिहितं, सी भाषेतला प्रोग्राम ‘कॅनॉट ॲलोकेट मेमरी’ म्हणतो. बाहेरून मारलं असेल तर बिचाऱ्याला बोलायलाही मिळत नाही. पडद्यावर ‘किल्ड’ एवढाच शब्द येतो आणि मागे १३७ हा निकालाचा आकडा राहतो. तो १२८ अधिक ९ असा बनतो, आणि ९ म्हणजे ज्याला प्रोसेस अडवू शकत नाही असा मारायचा सिग्नल. १३९ आला असेल तर १२८ अधिक ११: प्रोसेसनं आपली नसलेली जागा शिवली. स्वतःला पुनःपुन्हा बोलावत खोल जाणारं फंक्शन स्टॅकची ठरलेली जागा ओलांडतं, तेव्हा बऱ्याचदा हाच आकडा दिसतो. या तिन्ही मरणांची चौकशी वेगवेगळ्या ठिकाणी करावी लागते, आणि लोक मात्र तिन्हींना ‘मेमरी संपली’ म्हणून मोकळे होतात.

इथे नकार होता, तेव्हा मर्यादा बघायच्या. बहुतेक जण शेल उघडून ‘युलिमिट’ हा हुकूम देतात आणि समोर आलेले आकडे खरे मानतात. ते खरे असतात, पण त्या शेलचे. मेलेल्या प्रोसेसचे वेगळे असू शकतात. म्हणून मी पोराला प्रोग्राम पुन्हा सुरू करायला लावला आणि फाइल उचलायच्या आधी त्याला थांबवून ठेवलं. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाचं एक फोल्डर असतं. डिस्कवर ते नसतंच. आपण विचारू तेव्हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिथल्या तिथे उत्तर लिहून देतं. प्रत्येक जिवंत प्रोसेसचा त्यात तिच्या क्रमांकाचा कप्पा असतो. त्या कप्प्यातली ‘लिमिट्स’ ही फाइल म्हणजे त्या प्रोसेसवर या क्षणी लागू असलेल्या मर्यादांची यादी.

यादीत एका ओळीवर माझं बोट थांबलं. ॲड्रेस स्पेस: ४,२९,४९,६७,२९६ बाइट. म्हणजे ४ जीबी. माझ्या आधी हा सर्व्हर सांभाळणाऱ्यानं प्रत्येक विद्यार्थ्याला ही मर्यादा लावून ठेवली होती. का लावली, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

“पन मॅडम, चार जीबीत अर्धा जीबी बसंना?”

त्यासाठी शेजारची ‘स्टेटस’ फाइल उघडायची. तिच्यात दोन आकडे महत्त्वाचे: व्हीएम-साइझ आणि व्हीएम-आरएसएस. पोराच्या प्रोसेसनं अजून फाइलीला हात लावला नव्हता, फक्त लायब्रऱ्या चढवल्या होत्या. तरी पहिला आकडा पावणेचार जीबीच्या घरात गेला होता आणि दुसरा शंभर एमबीच्या आतच होता. मी त्याला म्हटलं, तुझ्या बापाच्या सातबाऱ्यावर दहा एकर असतील, पण हळद लावली अर्ध्या एकरात. व्हीएम-साइझ म्हणजे सातबारा, आरएसएस म्हणजे लावलेली हळद. प्रोग्राम जागा नावावर करून घेतो तेव्हा खरी रॅम खर्च होत नाही. पहिल्यांदा त्या जागेत काही लिहितो तेव्हा कर्नल रॅमचं पान काढून देतं. ॲड्रेस स्पेसची मर्यादा सातबारा मोजते. पोरानं अर्ध्या एकराच्यावर काही लावलं नव्हतं, पण नावावर पावणेचार जीबी चढले होते आणि आणखी अर्ध्याला जागा नव्हती.

आता हे पावणेचार जीबी आले कुठून? इथेच लॅपटॉप आणि सर्व्हर यांतला फरक उलगडतो. पायथनमधलं नमपाय आकडेमोडीसाठी बहुधा ओपनब्लास नावाची लायब्ररी वापरतं. ती चढताक्षणीच यंत्रात किती कोअर आहेत ते बघते आणि तेवढे थ्रेड उभे करते. लॅपटॉपवर चार, इथे चौसष्ट. प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी ८ एमबी नावावर होतात, म्हणजे अर्धा जीबी तिथेच गेला. ओपनब्लास प्रत्येक थ्रेडच्या कामासाठी आणखी जागा धरून ठेवते. वर लिनक्सची मूळ सी लायब्ररी, ग्लिबसी, जो थ्रेड स्वतः मेमरी मागेल त्याच्यासाठी चौसष्ट एमबीचा वेगळा पट्टा राखते. यंत्र जेवढं मोठं, तेवढा सातबारा लांब. लॅपटॉपवर एक तर थ्रेड थोडे, आणि दुसरं म्हणजे तिथे कुणी मर्यादाच लावली नव्हती.

थ्रेडची संख्या चारवर आणायला एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पुरतं. ते लावलं आणि फाइल उचलली गेली. पण मी तिथे थांबले नाही, कारण माझ्या मते ती मर्यादाच आता निरुपयोगी आहे.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९८३ साली आलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये मर्यादा घालण्याची ही पद्धत आली. एकाच यंत्रावर डझनावारी माणसं बसायची, एकानं सगळी मेमरी खाल्ली तर बाकीच्यांचं काम ठप्प व्हायचं, म्हणून प्रत्येक प्रोसेसला कुंपण. कल्पना चोख होती. प्रत्येक मर्यादेला दोन आकडे ठेवले: सॉफ्ट आणि हार्ड. सॉफ्ट मर्यादा प्रोसेसला स्वतः हार्डपर्यंत वाढवता येते. हार्ड कमी करायची मुभा कुणालाही आहे, वाढवायची फक्त रूटला. आणि मर्यादा आईकडून लेकराकडे जाते: शेलनं प्रोग्राम सुरू केला की शेलच्या मर्यादा त्याला चिकटतात.

पण त्या काळी प्रोग्राम जेवढं मागायचे तेवढं साधारण वापरायचे. आजच्या लायब्रऱ्या उदार हातानं नावावर करून घेतात आणि वापरतात चिमूटभर. अशा वेळी सातबारा मोजून काय मिळणार? प्रत्यक्ष रॅम मोजणारी एक मर्यादा त्या यादीत आहे, तिलाच लोक भुलतात. ती लावता येते, यादीत दिसतेही, पण लिनक्सचं कर्नल गेली वीसेक वर्षं तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. नुसती शोभेची ओळ. तिच्यावर विसंबून निर्धास्त झोपणारे ॲडमिन मी पाहिले आहेत.

आकड्यांचं एकक हा तर वेगळाच ताप. बँकेत आयबीएमचं एआयएक्स होतं. त्याच्या मर्यादांच्या फाइलीत डेटाची मूळची मर्यादा २,६२,१४४ अशी लिहिलेली असते. लिनक्सवरून आलेला माणूस हे केबी समजतो आणि २५६ एमबी वाचतो. एआयएक्स ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत मोजतं, म्हणजे खरे १२८ एमबीच. लिनक्सवरही शेलचं युलिमिट ॲड्रेस स्पेस केबीमध्ये घेतं, तर यंत्रावरच्या सेवा सुरू करणारं सिस्टमडी तीच मर्यादा बाइटमध्ये घेतं. शेलमधला ४१,९४,३०४ हा ४ जीबीचा आकडा तसाच उचलून सिस्टमडीच्या फाइलीत टाकला, तर सेवेच्या वाट्याला ४ एमबी येतात आणि ती उठतच नाही. अशा वेळी जो तो प्रोग्राम लिहिणाऱ्याला शिव्या घालतो.

तर आम्ही ॲड्रेस स्पेसची मर्यादा काढली. विद्यार्थी दुसऱ्या दिवशी हजर.

“मॅडम, तसंच मरायलाय की!”

त्याचं जुपिटर आदल्या दिवसापासून टीमक्समध्ये, म्हणजे आपण बाहेर पडलो तरी जिवंत राहणाऱ्या शेलमध्ये, चालू होतं. मर्यादा लॉगिनच्या वेळी लागते आणि पुढे वारशानं जाते. फाइल बदलली म्हणून आधीपासून जिवंत असलेल्या प्रोसेसच्या अंगावरची मर्यादा बदलत नाही. जुपिटर बंद करून, बाहेर पडून, नव्यानं लॉगिन केलं की संपलं. पण समजा तीन दिवसांची आकडेमोड चालू आहे आणि ती थांबवायची नाही, तर ‘पीआरलिमिट’ नावाचा हुकूम आहे. चालत्या प्रोसेसची मर्यादा तो जागच्या जागी बदलतो. फार कमी लोकांना तो माहीत असतो.

मर्यादा काढली याचा अर्थ रान मोकळं सोडलं असा नाही. जवळपास तीस खाती असलेला सर्व्हर आहे. त्यामुळे मी प्रत्येक खात्याला सी-ग्रुपमधून, म्हणजे त्या खात्याच्या सगळ्या प्रोसेसचा कर्नलमध्ये एक गट करून, ४ जीबीची मर्यादा लावली. आकडा तोच, मोजमाप वेगळं: इथे खरोखर लावलेली हळद मोजली जाते, आणि तीही एका प्रोसेसची नाही, तर त्या माणसाच्या सगळ्या प्रोसेसची मिळून. जुन्या पद्धतीत कुणी दहा प्रोसेस सुरू केल्या तर दहापट मिळायचं. गूगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६च्या सुमारास प्रोसेसचे असे गट करायला सुरुवात केली आणि २००८मध्ये ते काम लिनक्सच्या कर्नलमध्ये आलं. त्यातला मेमरीचा भाग आयबीएमच्या बलबीर सिंग यांनी पुढे नेला. आज डॉकर, कुबर्नेटीस वगैरे जे काही चालतं, ते या पायावर उभं आहे.

सी-ग्रुप लावल्यावर पोराचा प्रोग्राम बराच पुढे गेला आणि मग पुन्हा मेला. या वेळी पडद्यावर एकच शब्द: किल्ड. मागे १३७.

मला बरं वाटलं, कारण हे मरण वेगळं होतं. मारणाऱ्यानं कर्नलच्या लॉगमध्ये सही करून ठेवलेली असते. ‘डीमेसेज’नं तो लॉग उघडला की दोन प्रकारच्या ओळी सापडू शकतात. नुसतं ‘आउट ऑफ मेमरी’ असेल तर सगळ्या यंत्राची मेमरी खरोखरच संपली होती. ‘मेमरी सी-ग्रुप आउट ऑफ मेमरी’ असेल तर यंत्र ठणठणीत आहे, गटानं आपली हद्द गाठली. इथे दुसरी ओळ होती. शिवाय त्या गटाच्या फोल्डरात ‘मेमरी इव्हेंट्स’ ही फाइल असते, तिच्यात आजवर किती बळी गेले तेही मोजलेलं असतं.

सगळ्या यंत्राची मेमरी खरोखर संपली तर लिनक्स काय करतं, हे एकदा सांगायलाच हवं, कारण ते ऐकून लोक दचकतात. नावावर कितीही केलं तरी वापर कमीच होतो हे ठाऊक असल्यामुळे कर्नल असलेल्या रॅमपेक्षा जास्त जागा वाटून टाकतं. सगळ्यांनी एकदम वापरायला घेतलं की पंचाईत होते. मग कर्नल प्रत्येक प्रोसेसला गुण देतं आणि ज्याचे गुण जास्त त्याला मारतं. मोठी प्रोसेस, जास्त गुण. म्हणजे बहुतेकदा बळी जातो तो डेटाबेसचा, ज्याच्यासाठी सर्व्हर घेतलेला असतो. त्याला वाचवायला −१,००० ते १,००० अशी गुण कमीजास्त करायची सोय आहे. या सगळ्या प्रकाराची २००४ साली अँड्रिस ब्राउवर यांनी लिनक्सवाल्यांमध्ये खरपूस टर उडवली होती. त्यांनी एका विमान कंपनीची गोष्ट रचली. ती खर्च वाचवायला कमी इंधन भरून विमानं उडवते, इंधन संपत आलं की एखाद्या प्रवाशाला बाहेर फेकते, आणि मग कुणाला फेकावं यावर तज्ज्ञांचे वाद रंगतात. ही थट्टा आजही खरी आहे.

पोराकडे वळू. आता त्याची मेमरी खरोखर कमी पडत होती का? हिशेब केला. मूळ डेटा अर्धा जीबी. त्याचं फूरिये रूपांतर अर्धा जीबी. ज्या लहरीचा नमुना शोधायचा तो तेवढ्याच लांबीचा, आणखी अर्धा, त्याचं रूपांतर अर्धा. दोन्हींचा गुणाकार पूर्ण लांबीच्या संमिश्र संख्यांत ठेवलेला, म्हणून एक जीबी. तो परत काळात उलटवला की आणखी एक. बेरीज बरोबर ४ जीबी, वर लायब्रऱ्यांचं ओझं. आठ जीबीच्या लॅपटॉपवर हे मावतं, चारच्या हद्दीत मावत नाही.

“मग आठ करून टाका न मॅडम.”

मी नाही म्हटलं. तीस खात्यांना आठ म्हणजे २४० जीबी, आणि यंत्रात आहेत १२८. चारप्रमाणे सगळे एकदम टोकाला गेले तरी १२० होतात आणि यंत्राला स्वतःसाठी आठ उरतात. तो आकडा असा आला आहे. एकाच्या सोयीसाठी तो मोडला तर परीक्षेच्या तोंडावर सगळ्यांचं काम मरेल, आणि तेव्हा लॉगमध्ये पहिल्या प्रकारची ओळ दिसेल.

त्यापेक्षा प्रोग्रामनं एवढं घ्यावं का, हे बघायचं. आयुकातले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१मध्येच या प्रकारच्या शोधासाठी नमुन्यांची निवड कशी करावी यावर शोधनिबंध लिहिला होता. आज लाखो नमुने एकेक करून डेटावर ताडून बघतात. प्रत्येकाला चार जीबी लागले असते तर हे शास्त्र उभंच राहिलं नसतं. खरी मंडळी डेटा तुकड्यांत घेतात. आम्हीही तेच केलं. पोराला हव्या असलेल्या कृष्णविवरांच्या लहरींसाठी सेकंदाला ४,०९६ नोंदी पुरतात, आणि तशी फाइलही लायगो देतं. तुकडा २५६ सेकंदांचा घेतला, शेजारच्या तुकड्यावर थोडा चढवून, म्हणजे सांध्यावरची लहर निसटायला नको. २५६ गुणिले ४,०९६ गुणिले ८ म्हणजे ८ एमबी. आधीच्या हिशेबानं सगळ्या प्रती धरल्या तरी ६४ एमबी. २०१५ची ती पहिली लहर यंत्रात जेमतेम ०.२ सेकंद दिसली होती. तिच्यासाठी अख्खा तास एका घासात गिळायची गरजच नव्हती.

एवढं झाल्यावर त्याला हा प्रोग्राम रोज रात्री आपोआप चालायला हवा होता, म्हणून सिस्टमडीची सेवा केली. इथे एक खड्डा आहे, त्यात जवळजवळ प्रत्येक जण पडतो. लॉगिनच्या मर्यादा ज्या फाइलीत लिहितात, ‘लिमिट्स-कॉन्फ’, ती फाइल सिस्टमडीच्या सेवा वाचत नाहीत. ती लॉगिन करणाऱ्या माणसासाठी असते, आणि सेवा काही लॉगिन करत नाही. लोक तिथे आकडे वाढवतात, सेवा पुन्हा सुरू करतात, काही बदलत नाही, मग अख्खं यंत्र बंद करून चालू करतात, तरी काही बदलत नाही. सेवेची मर्यादा सेवेच्या स्वतःच्या फाइलीत, ‘मेमरी-मॅक्स’ या ओळीत लिहायची. खात्री करायची ती पुन्हा प्रॉकमध्ये आणि गटाच्या फोल्डरात जाऊन. बदल केला एवढ्यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही, लागू झालेला आकडा बघते.

गुरुत्वीय लहरींचं काम पुढे करायचं तर या पोरांना आयुकाच्या ‘सारथी’सारख्या सामायिक यंत्रसमूहावर जावं लागेल. तिथे कामं वाटायला एचटीकाँडर ही व्यवस्था असते. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८८पासून वाढवलेली. तिला काम देतानाच किती मेमरी लागेल ते लिहून द्यावं लागतं. कमी लिहिलं तर बऱ्याच ठिकाणी काम अडवून ठेवतात. भीतीपोटी जास्त लिहिलं तर तेवढी मोकळी जागा असलेलं यंत्र मिळेपर्यंत रांगेत बसावं लागतं, आणि मिळाल्यावर दुसऱ्याची जागा फुकट अडते.

“मग किती लिहू?” पोरानं विचारलं.

‘स्टेटस’ फाइलीतच व्हीएम-एचडब्ल्यूएम नावाची ओळ असते. प्रोसेस जन्मल्यापासून खऱ्या रॅमच्या वापरानं गाठलेली सर्वांत उंच पातळी ती सांगते. पण प्रोसेस संपली की तो कप्पाही जातो, म्हणून प्रोग्रामच्या शेवटच्या ओळीत ती वाचून लॉगमध्ये लिहायला त्याला लावलं. वेगवेगळ्या फाइलींवर चालवून पाहिलं, आकडा तीनशे एमबीच्या आसपासच राहिला. थ्रेड मात्र चारच ठेवून. मी म्हटलं, चारशे लिही, आणि थ्रेडची ती ओळ कामाच्या फाइलीतच टाक. तिथल्या यंत्राला किती कोअर असतील ते आपल्याला आधी कळत नाही.